नालबंदाचे काम उतरत चालले आहे : बोलावे, थांबावे की बदलावे?

खरारा (धागाकर्ता)

माझ्या घोडीला चौदावे वर्ष चालू आहे आणि त्यांतली गेली नऊ वर्षे तिचे पाय एकाच नालबंदाच्या हाताखालून गेलेले आहेत. मी या माणसाचा ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घोडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पुढच्या दोन्ही पायांच्या टाचा दबलेल्या होत्या, खुरांची कड जागोजागी फुटलेली होती आणि कोणाला पाय उचलू देणे तिला मुळीच मान्य नव्हते. त्यांनी जवळजवळ वर्षभर, कसलीही घाई न करता, ते पाय रांगेला आणले. त्यामुळे आज त्यांच्याच कामाबद्दल तक्रार लिहायला बसताना मन अवघडते आहे.

गेल्या वर्ष-सव्वा वर्षात नेमके काय बिघडले, हे एका वाक्यात सांगता येत नाही, कारण एका दिवसात असे काहीच बिघडले नाही. पूर्वी नाल पडण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येत असे. गेल्या आठ महिन्यांत तो चार वेळा आला आणि त्यांतल्या दोन वेळा नालेबरोबर खुराच्या कवचाचा तुकडाही गेला. खिळ्यांची मुरडलेली टोके पूर्वी कवचाच्या खालच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर, एका ओळीत बाहेर आलेली दिसत. आता त्यांतले एक वर असते, एक खाली असते, आणि एकदोन तर इतकी खाली असतात की पंधरवड्याच्या आत सैल होऊन बोटाला टोचू लागतात. नाल ठोकून झाल्यावर ते पूर्वी चार पावले मागे सरत, घोडीला थोडे चालवून पाहत, आणि पुष्कळदा पुन्हा पाय उचलून कानशीचे दोन हात मारत. आता चारही पाय पाऊण तासात उरकले जातात आणि घोडी चालताना कशी दिसते, हे पाहण्यासाठी ते थांबतही नाहीत. दोनदा ठरलेला दिवस उलटून दहा दिवसांनी आले, आणि त्याबद्दल आधी निरोपही दिला नाही.

तरीही मी मनाची समजूत काढत राहिलो असतो. पण परवा जुने फोटो चाळताना तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो हाती लागला. त्यात खुराचा पुढचा उतार आणि त्याच्या वरच्या सांध्याचा उतार एका सरळ रेषेत आहेत. आज तीच रेषा खुराच्या वरच्या कडेपाशी मोडलेली दिसते, कारण खूर पुढे लांब आणि चपटा झालेला आहे आणि टाच पायाखालून पुढे सरकलेली आहे. रोज डोळ्यांसमोर वाढणाऱ्या मुलाची उंची घरच्यांच्या ध्यानात येत नाही, तसे माझे झाले. घोडी अद्याप लंगडत नाही, मात्र दुडकीत ठेचकाळते, आणि नालबंदीला पाचवा आठवडा उलटून गेला की जास्तच.

मला दोन गोष्टींवर मते हवी आहेत. हा दोष खरोखरच त्यांच्या कामाचा आहे, हे खात्रीने कसे ठरवावे? आणि तो त्यांचाच असेल, तर नऊ वर्षांच्या संबंधांना तडा न जाता हे बोलावे कसे?


लगाम

भीड ही भिकेची बहीण आहे, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. आठ महिन्यांत चार नाला पडणे आणि खुराचा उतार मोडणे, एवढे पुरावे मला पुरेसे वाटतात. संबंध तुमचे आहेत, पण त्यांची किंमत घोडी मोजते आहे. दुसरा नालबंद पाहावा.


दुडकी

मी पशुवैद्यक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या लंगडणाऱ्या घोड्यांपैकी पुष्कळांचे मूळ दुखणे खुरातच निघते. तरीही वरच्या प्रतिसादाइतक्या लवकर मी निकाल देणार नाही.

खुराचे कवच वरच्या कडेपासून, म्हणजे जिथे केस संपतात तिथून, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर या वेगाने खाली वाढते. पुढच्या टोकापाशी वरून जमिनीपर्यंत पोहोचायला त्याला ९ ते १२ महिने लागतात, टाचेपाशी त्याहून कमी. म्हणजे आज तुम्हाला जो खूर दिसतो आहे, त्यात जवळजवळ वर्षभराचा इतिहास आहे, आणि तो इतिहास एकट्या नालबंदाने लिहिलेला नसतो. खाण्यात अचानक बदल झाला असेल, ताप येऊन गेला असेल, जमीन काही महिने सतत ओली आणि मग एकदम कोरडी झाली असेल, तर त्याच्या खुणा कवचावर उमटतात. कवचावरच्या आडव्या कड्या पुढून मागे सारख्याच अंतराने जात असतील, तर त्या बहुधा ऋतूच्या किंवा आहाराच्या असतात. त्या टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद होत असतील, तर लॅमिनायटिसची, म्हणजे कवच आणि आतले हाड यांना जोडणाऱ्या थराला आलेल्या सुजेची, शंका घ्यावी लागते, आणि मग प्रश्न नालबंदाचा न राहता दाणा आणि चारा यांचा होतो.

तुम्ही वर्णन केलेला आकार मात्र, म्हणजे लांब टोक आणि दबलेली टाच, गंभीरपणे घ्यावा असाच आहे. पाय उचलताना खूर टोकावरून वळतो. टोक जितके लांब, तितका तो वळायला उशीर होतो, आणि त्या अवधीत पायाच्या मागच्या बाजूने उतरणाऱ्या खोल कंडरेवर आणि तिच्या आतल्या नॅव्हिक्युलर हाडावर जास्तीचा ताण येतो. तुमची घोडी दुडकीत ठेचकाळते, त्याचा याच्याशी सरळ संबंध असू शकतो. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, म्हणून हे दुखणे पुढच्या पायांत अधिक दिसते.

आणखी एक शक्यता नजरेआड करू नये. चौदा वर्षांच्या घोडीच्या मागच्या पायांच्या सांध्यांत संधिवाताची सुरुवात झालेली असू शकते. अशी घोडी पाय वाकवून धरू देत नाही, अंग टाकते, मध्येच पाय ओढून घेते, आणि मग कोणताही नालबंद घाईत उरकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती त्याची बेफिकिरी वाटते.

माझा सल्ला असा की पुढच्या दोन्ही खुरांचे बाजूने एक्स-रे काढून घ्यावेत. खुरातल्या हाडाचा तळ टाचेकडे किंचित वर असायला हवा; तो सपाट किंवा उलटा झाला असेल, तर बोलण्याला आधार मिळतो. तळव्याची जाडी त्याच फोटोत मोजता येते, आणि ती १० मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर तळवा पातळ झाला आहे असे समजावे. आणि एक साधा प्रश्न : दोन नालबंदींमध्ये किती आठवड्यांचे अंतर असते?


खरारा (धागाकर्ता)

आपण विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाने मला जरा ओशाळल्यासारखे झाले. पूर्वी हे अंतर सहा आठवड्यांचे होते. सुमारे दोन वर्षांपूर्वी, खर्च आणि माझी धावपळ या दोन्हींचा विचार करून, मीच ते आठ आठवड्यांचे केले. त्यांनी तेव्हा एकदा म्हटले होते की या घोडीला आठ आठवडे जास्त होतील. मी ते मनावर घेतले नाही आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मागच्या पायांबद्दल आपली शंका रास्त आहे. उजवा मागचा पाय ती पूर्वीइतका वेळ धरू देत नाही, हे मोतद्दारानेही मला सांगितले होते. एक्स-रेची व्यवस्था करतो.


ऐरण

मी स्वतः बावीस वर्षे नालबंदी करतो आहे. एरवी मी इथे फक्त वाचतो, पण या वेळी लिहिल्यावाचून राहवले नाही.

आठ आठवड्यांचा मुद्दा मोठा आहे. खूर सतत वाढत असतो, नाल मात्र वाढत नाही आणि खुराबरोबर पुढे ओढली जाते. सहाव्या आठवड्यात टाचेला नालेचा जो आधार हवा, तो आठव्या आठवड्यापर्यंत टाचेच्या पुढे निघून गेलेला असतो आणि टाच चिरडायला लागते. त्यामुळे उताराची रेषा मोडण्यात निम्मा वाटा त्या दोन आठवड्यांचा असू शकतो. चार ते सहा आठवडे हे बहुतेक नाल लावलेल्या घोड्यांना मानवणारे अंतर आहे, आणि टोक लवकर वाढणाऱ्या घोड्याला तर सहासुद्धा पुष्कळ होतात.

आता मी एक प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. पहिली नाल पडली तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणालात? बहुतेक मालक चिडून बोलतात, आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही, कारण रपेटीचा दिवस वाया जातो. पण नालबंद त्या चिडण्यावर काय करतो, हे ओळखून ठेवावे. नाल पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे घोड्याने मागच्या पायाने पुढच्या नालेच्या मागच्या टोकावर पाय देणे. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे नाल मागे आखूड ठेवायची आणि कडेला अगदी घट्ट बसवायची. नाल मग पडत नाही आणि मालक खूश होतो. पण खुराचा मागचा अर्धा भाग वजन पडताच थोडा फाकतो, म्हणून तिथे नाल कवचाच्या बाहेर किंचित दिसली पाहिजे आणि ती टाचेच्या शेवटापर्यंत पोहोचली पाहिजे. आखूड नालेने टाच आधार गमावते आणि सरकत जाते, आणि टाच सरकली की पुढे टोक लांबते, टोक लांबले की पुढचा पाय उचलायला उशीर होतो, आणि उशिरा उचललेल्या पायावर मागचा पाय पडून नाल पुन्हा निघते. म्हणजे एका तक्रारीतून दुसरी तक्रार जन्माला येते. मी तरुण असताना हे पाप केलेले आहे.

तुमच्या नालबंदांची बाजू मी घेत नाही. वाकडीतिकडी खिळ्यांची ओळ, सैल टोके आणि घोडी चालवून न पाहणे, यांचा आठ आठवड्यांशी काही संबंध नाही. चांगल्या हाताची खिळ्यांची ओळ एकाएकी बिघडली, तर त्याचा हात, पाठ किंवा नजर यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे, असे मी समजेन. आमच्या धंद्यात दिवसभर कंबरेत वाकून, घोड्याचा पाय गुडघ्यांत धरून काम चालते. पन्नाशीनंतर मनगट आणि मान पूर्वीसारखी राहत नाहीत, आणि ते कोणाला सांगण्याची आमच्यात पद्धत नाही, कारण सांगितले की कामे जातात.

बोलायचे असेल तर काम चालू असताना, आम्ही घोड्याखाली वाकलेले असताना बोलू नका. इतर मालकांसमोर तर मुळीच नको. आणि 'हल्ली तुमच्या कामात राम राहिला नाही' असे म्हणण्याऐवजी 'डाव्या पुढच्या पायाची बाहेरची दोन टोके बाराव्या दिवशी सैल झाली' असे म्हणा. पहिल्या वाक्यावर माणूस भांडतो, दुसऱ्यावर तो पाय उचलून पाहतो.


लगाम

ऐरण यांचा प्रतिसाद उत्तम आहे, आणि माझे पहिले मत मी थोडे मागे घेतो. पण एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण समजून घेण्याच्या भरात आपण कधीकधी घोड्याला विसरतो.

माझ्या घोड्याला एका नालबंदाने ठोकताना खिळा आतल्या जिवंत भागात गेला. घोड्याने पाय झटकला, त्याने खिळा काढला, आणि त्याच भोकात दुसरा ठोकून वेळ मारून नेली. मला एक शब्दही सांगितला नाही. पाचव्या दिवशी घोडा तीन पायांवर उभा होता, आणि खुरातला पू काढायला पशुवैद्यकांना अर्धा तास लागला. खिळा लागणे हा अपघात आहे, तो उत्तम कारागिराकडूनही होतो. लागला तर खिळा काढून, भोक जंतुनाशकाने धुऊन ते रिकामे सोडायचे असते आणि मालकाला सांगायचे असते, कारण घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो आणि लस झाली आहे की नाही हे मालकालाच ठाऊक असते. मी त्या माणसाला सोडले ते खिळा लागल्यामुळे नव्हे, लपवल्यामुळे.

ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणीकृत नालबंद, शिकाऊ उमेदवार आणि पशुवैद्यक यांच्याखेरीज कोणाला नालबंदी करता येत नाही, आणि नोंदणी असल्यामुळे तक्रारीलाही जागा असते. जिथे अशी नोंदणी नाही, तिथे मालकाची नजर हीच काय ती तपासणी. म्हणून मला वाटते की समजून जरूर घ्यावे, पण मुदत ठरवून.


दुडकी

लगाम यांनी सांगितलेल्या प्रकारात एक बारकावा आहे. खिळा जिवंत भागात थेट घुसला, तर घोडा त्याच क्षणी सांगतो. खिळा त्या भागाच्या अगदी जवळून गेला, तर लगेच काही दिसत नाही, पण आतून दाब पडत राहतो आणि एकदोन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा घोडा लंगडू लागतो. म्हणून नालबंदीनंतरचा पहिला आठवडा रोज दोन वेळा खुराला हात लावून पाहावा. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल आणि खुराच्या वरच्या सांध्यामागची नाडी जोराने उडत असेल, तर वाट पाहू नये.


अबलख

बदलावे असे ज्यांना वाटते, त्यांनी माझी कथाही ऐकावी. मी रागाच्या भरात नालबंद बदलला आणि पुढच्या एका वर्षात तीन बदलले. पहिल्याने टाच उंच ठेवली, दुसऱ्याने ती कमी केली, तिसऱ्याने टोक पुढून कानशीने गोल करून खूर नालेच्या मापाचा केला, जे खरे तर उलटे व्हायला हवे होते. कवचाचा वरचा गुळगुळीत थर घासला गेला आणि खूर कोरडा पडून फुटू लागला. ज्या खुराला खालपर्यंत यायला वर्ष लागते, त्यावर एका वर्षात तीन जणांनी तीन विचार राबवले. नवा माणूस आणला तरी पहिल्या भेटीत फारसा फरक दिसत नाही, आणि जो पहिल्याच भेटीत सगळे सुधारून दाखवतो त्याची मला आता भीती वाटते, कारण अनेक महिन्यांत सरकलेली टाच एका दिवसात मागे आणता येत नाही. दोन-तीन फेऱ्या तरी द्याव्या लागतात.

बदलायचेच ठरले, तर जुन्याला स्वतः सांगावे आणि बाकी सगळी चुकती करावी. नव्याला बोलावून जुन्याच्या कामाची निंदा ऐकत बसण्यात मीही एक दुपार घालवली आहे, आणि त्या निंदेतून माझ्या घोड्याच्या पायाला काही मिळाले नाही.


कानस

फोटोंचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो, कारण चुकीच्या फोटोंवरून मी एकदा विनाकारण भांडलो होतो. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक खूर लांब दिसतो. घोडा सपाट, टणक जमिनीवर चारही पायांवर सारखे वजन देऊन उभा करावा, खूर पुसून घ्यावा, आणि कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून, खुराच्या बरोबर बाजूने फोटो काढावा. मग समोरून, मागून टाचांचा, आणि पाय उचलून तळव्याचा. हे नालबंदीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असे दोनदा करावे. फक्त आधीचे फोटो दाखवले, तर तुम्ही वाढलेल्या खुराचा दोष नालबंदाच्या माथी मारता. फक्त नंतरचे दाखवले, तर कानशीच्या सफाईला भुलता.

शिवाय उतरवलेली नाल फेकून देऊ नये. तिच्या जमिनीकडच्या बाजूची झीज एकाच अंगाला जास्त असेल, तर टाप त्या अंगावर आधी टेकते आहे. खुराकडच्या बाजूला, मागच्या टोकांजवळ, घासून चकाकलेला चर दिसला पाहिजे. तो टाचेच्या फाकण्याची खूण आहे. तो कुठेच नसेल, तर नाल फार घट्ट बसते आहे किंवा खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे ठोकले जात आहेत, अशी शंका मी घेतो.


खरारा (धागाकर्ता)

मोतद्दाराने शेवटच्या तीन फेऱ्यांच्या नाला एका डब्यात ठेवल्या होत्या, हे मला आज कळले. पुढच्या डाव्या पायाच्या तिन्ही नाला बाहेरच्या अंगाला झिजलेल्या आहेत. चकाकणारा चर सर्वांत जुन्या नालेवर स्पष्ट आहे, मधल्या नालेवर पुसट आहे आणि शेवटच्या नालेवर जवळजवळ नाही. नालेची मागची टोके मोजली, तर शेवटची नाल पहिलीपेक्षा दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर आखूड आहे. ऐरण यांनी जे लिहिले तेच घडलेले असावे. पहिल्या वेळी नाल पडली तेव्हा मी फोनवर बराच वेळ बोललो होतो आणि 'एवढेही जमत नाही का' हे शब्द माझ्या तोंडून गेले होते.

एक्स-रे आले. डाव्या खुरातल्या हाडाचा तळ जवळजवळ सपाट झालेला आहे, उजवा थोडा बरा आहे. मागच्या उजव्या पायाच्या सांध्यात संधिवाताची सुरुवात आहे.


ऐरण

मग आता बोलायला हरकत नाही, कारण तुमच्याकडे बोलण्याजोगे आहे. एक्स-रे दाखवताना पशुवैद्यक हजर असतील तर उत्तम, मात्र नालबंदांना आधी कळवा. तिथे पोहोचल्यावर कोणी दुसरा उभा दिसला, की माणसाला पकडल्यासारखे वाटते. आणि सुरुवात आठ आठवड्यांच्या तुमच्या निर्णयापासून करा.


खरारा (धागाकर्ता)

परवा ती भेट झाली. ऐरण यांच्या सांगण्याप्रमाणे मी आठ आठवड्यांपासून सुरुवात केली आणि फोनवरच्या त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत, पण डब्यातल्या नाला हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, 'शेवटची मी आखूड घातली, मला ठाऊक होते.'

खिळ्यांचा विषय मी काढण्याआधी त्यांनीच काढला. गेल्या वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे सुन्न पडतात. हातोडा किती जोराने बसला ते हाताला पूर्वीसारखे कळत नाही, म्हणून ते खिळा खाली काढतात, कारण वर जाऊन आत लागण्याची त्यांना धास्ती वाटते. मला तेव्हा जाणवले की सैल टोकांच्या ज्या गोष्टीला मी पाट्या टाकणे समजत होतो, ती एका परीने घोडीचीच काळजी होती. अर्थात, तिने घोडीचे नुकसान व्हायचे ते झालेच.

असे ठरले आहे की अंतर पाच आठवड्यांचे राहील. खूर कातरणे आणि नाल घडवणे ते करतील, खिळे त्यांच्या हाताखालचा तरुण ठोकेल आणि ते शेजारी उभे राहून पाहतील. टाचेला आधार मिळावा म्हणून नाल पूर्ण लांबीची राहील, टोक पुढून थोडे थोडे कमी केले जाईल, आणि नालेचा पुढचा भाग किंचित वर वळवला जाईल, म्हणजे पाय लवकर उलटेल. नाल मागून पायाखाली येऊ नये म्हणून रपेटीत पुढच्या पायांना रबरी घंटीच्या आकाराचे बूट घालायचे. मागच्या उजव्या पायासाठी त्यांनी स्वतःच सांगितले की तो उंच न उचलता खालीच धरू आणि मध्ये विश्रांती देऊ. तीन फेऱ्यांनंतर पुन्हा एक्स-रे काढायचे आहेत. लगाम यांनी म्हटलेली मुदत तीच समजावी. तोवर सुधारणा दिसली नाही तर दुसऱ्याचा विचार करू, हे मी त्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी मान हलवली.


लगाम

तोंडावर सांगितलेत, हे बरे केलेत. माझी एकच शंका आहे. तो तरुण किती अनुभवी आहे, आणि त्याने चूक केली तर जबाबदार कोण, हे ठरले आहे का?


खरारा (धागाकर्ता)

तरुण चार वर्षे त्यांच्याबरोबर आहे. जबाबदारीबद्दल मी विचारले, तेव्हा 'नाल माझी, तेव्हा खिळाही माझाच' असे उत्तर मिळाले.


दुडकी

बायोटिन या खुरांसाठी दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहून ठेवते, कारण अशा धाग्यांत तो विषय निघतोच. दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम बायोटिनने काही घोड्यांच्या कवचाची प्रत सुधारते, पण ती नव्याने वाढणाऱ्या भागाची, आणि फरक दिसायला सहा ते नऊ महिने लागतात. मोडलेली रेषा त्याने सरळ होत नाही.


खरारा (धागाकर्ता)

तीन फेऱ्या झाल्या, म्हणून शेवटची हकीकत कळवतो. साडेतीन महिन्यांत एकही नाल पडली नाही. वरच्या कडेखाली तीन सेंटीमीटरच्या आसपास नवे कवच आलेले आहे, आणि ते जुन्यापेक्षा स्पष्टपणे अधिक उभ्या कोनात वाढते आहे, त्यामुळे खुरावर बाजूने पाहिले तर एक बाक दिसतो. डाव्या खुरातल्या हाडाचा तळ एक्स-रेमध्ये थोडा उचललेला आहे. पशुवैद्यकांच्या मते पूर्ण फरक कळायला अजून सहा-सात महिने हवेत. ठेचकाळणे कमी झाले आहे, थांबलेले नाही.

मागच्या उजव्या पायाचा एक खिळा गेल्या वेळी पुन्हा खाली आला होता. मी तो दाखवला. त्यांनी तरुणाला बोलावले, खिळा काढायला लावला, दुसरा ठोकून घेतला आणि मग घोडीला चालवून आणायला सांगितले. ती परत येईपर्यंत ते चार पावले मागे सरून उभे होते.